'हे आमच्याकडे येत नाही' म्हणतात तेव्हा: कोणत्या धंद्यावर कोणत्या खात्याची देखरेख, हे शोधायचं कसं

खेड्यातल्या माणसाच्या तक्रारीचं बहुतेक वेळा एकच होतं. ती भलत्याच टेबलावर जाऊन पडते. उगवलं नाही त्या बियाण्याचा अर्ज तहसीलदाराकडे जातो, पतसंस्थेत अडकलेल्या ठेवीचा पोलीस ठाण्यात, वाढीव वीजबिलाचा आमदाराच्या कार्यालयात. तिथला बाबू खोटं बोलत नसतो. ते काम खरंच त्याच्याकडे येत नाही. पण कोणाकडे येतं हे तो सांगत नाही, आणि तोवर पंचनाम्याची वेळ निघून जाते. माझ्या मते कास्तकाराचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

देखरेखीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. ज्या कायद्याखाली एखाद्याला परवाना, नोंदणी किंवा शिक्का मिळतो, त्याच कायद्याने तपासणारा अधिकारी नेमलेला असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या वर अपील ऐकणाराही. तेव्हा 'कोणतं खातं?' असं विचारत फिरण्याआधी 'या माणसाने धंद्यासाठी कोणता कागद काढलाय?' हे शोधा. तो कागद हाती आला की खातं आपोआप सापडतं.

पहिली पायरी: तक्रार सुटी करा

'कृषी केंद्रवाल्याने फसवलं' ही तक्रार कोणत्याच खात्यात बसत नाही. नेमकं काय झालं ते वेगळं काढावं लागतं. कृषी केंद्राकडे तीन वेगवेगळे परवाने असतात. बियाण्याचा परवाना 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली मिळतो, खताचा 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली आणि कीटकनाशकाचा 1968 च्या कायद्याखाली. हे तिन्ही कृषी विभाग बघतो. पण पाकिटावरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा काट्यात मारलं, तर ते वैधमापन शास्त्र यंत्रणेचं काम. लोक तिला वजनमापे खातं म्हणतात. खताची गोष्ट जरा वेगळी. युरियाला जादा दर लावणं हा खत नियंत्रण आदेशाचाही भंग आहे, म्हणून तिथे थेट कृषीचा निरीक्षक गाठावा. युरियासोबत दुसरं काहीतरी माथी मारलं, म्हणजे लिंकिंग केलं, तरी त्याच्याकडेच जायचं.

पेट्रोल पंपाचंही तसंच. माप कमी पडतं ही तक्रार वजनमाप्यांची, पेट्रोलात भेसळ आहे ही तेल कंपनीची आणि पुरवठा विभागाची, टाकीच्या साठवणुकीची सुरक्षा ही पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेची. या शेवटच्या संघटनेचं, म्हणजे पेसोचं, देशाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मापाबद्दल शंका असेल तर पंपावरच 5 लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचाच फरक चालतो. त्यापुढे गेलं की तक्रारीला आधार मिळाला.

दुसरी पायरी: भिंत, पिशवी आणि बिल वाचा

परवाना दुकानात दिसेल असा लावावा, असं बऱ्याच कायद्यांत सांगितलेलं असतं. बिल लिहून होईपर्यंत त्यावरची तीन ठिकाणं वाचून घ्या: वरचं कायद्याचं नाव, परवाना क्रमांक आणि खाली सही करणाऱ्याचं पदनाम. मोबाईलमध्ये फोटो काढला तर आणखी चांगलं. सही करणारा तो परवाना देणारा. त्याच्याच हाती परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचं बळ असतं.

खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक असतो. तो 1 ने सुरू होत असेल तर परवानाधारक, 2 ने सुरू होत असेल तर छोटा, फक्त नोंदणी केलेला व्यावसायिक. हॉटेल असो, डेअरी असो की बसस्टँडवरची तर्री-पोह्यांची गाडी, जिल्ह्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी बघतात. मेडिकल दुकानाचा परवानाही याच प्रशासनाचा, फक्त तिथे औषध निरीक्षक येतो. तराजूवर वजनमाप्यांचा शिक्का आणि दुकानात पडताळणीचं प्रमाणपत्र असायला हवं. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी होते, साध्या तराजूची आणि वजनांची 24 महिन्यांनी. कापूस विकायला नेता त्या जिनिंगच्या वजनकाट्यालाही हेच लागू आहे. गाडी काट्यावर चढवण्याआधी प्रमाणपत्रावरची तारीख बघून घ्यायला काही लागत नाही.

बियाण्याच्या बाबतीत मात्र जरा थांबून वाचा, कारण विदर्भात सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. पिशवीला निळी खूणचिठ्ठी असेल तर ते प्रमाणित बियाणं. त्यावर राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेची नजर असते आणि तिचं मुख्यालय अकोल्याला आहे. चिठ्ठी हिरवी असेल तर ते सत्यप्रत बियाणं, म्हणजे गुणवत्तेची हमी कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली. दोन्हींवर कृषी विभागाचा निरीक्षक नमुना घेऊ शकतो. लॉट नंबर, उगवणशक्ती आणि वैधतेची तारीख बघा. सोयाबीनची किमान उगवणशक्ती 70 टक्के असावी लागते. बिलावर तोच लॉट नंबर लिहून घ्या. नुसतं 'सोयाबीन 2 बॅग' लिहिलेलं बिल पुढे कामाचं राहत नाही.

चोर बीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं एचटीबीटी कापूस बियाणं, या सगळ्याच्या बाहेर आहे. पर्यावरण कायद्याखालच्या समितीची त्याला मंजुरी नाही, पाकिटावर खरा पत्ता नसतो आणि बिल कोणी देत नाही. पऱ्हाटी उगवली नाही तर दाद मागायला कागदच उरत नाही. ते घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न म्हणून मी सोडून देत नाही. घेऊच नका, असं स्पष्ट सांगतो.

'टॉनिक'च्या बाटल्यांनी असाच गोंधळ वर्षानुवर्षं चालवला. ते ना खत होतं ना कीटकनाशक, म्हणून कोणी तपासायचं हाच प्रश्न असायचा. 2021 पासून असली जैविक उत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आली आहेत. बाटलीवर कीड मारण्याचा दावा छापलेला असेल तर ती कीटकनाशक कायद्यात जाते, वाढीचा दावा असेल तर खत आदेशात. लेबलवर काय छापलंय यावरून बाटलीचा मालक कायदा ठरतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्यानंतर तरी फवारणीची बाटली लेबल न वाचता कोणी उघडू नये.

उगवण झाली नाही तर लगेच लेखी अर्ज करा. तो तालुका कृषी अधिकाऱ्याच्या नावाने लिहा आणि प्रत पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला द्या, कारण एक राज्याच्या कृषी विभागाचा असतो, दुसरा जिल्हा परिषदेचा. सोबत बिलाची झेरॉक्स, पिशवीचा आणि चिठ्ठीचा फोटो जोडा. पिशवीत थोडं बियाणं उरलं असेल तर ते फेकू नका. तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. दुबार पेरणीसाठी वावर मोडायची घाई असते, ते मला कळतं. पण समिती येण्याआधी मोडलं तर दाखवायला काही राहत नाही. म्हणून अर्जातच लिहा: 'पेरणीचा हंगाम जात आहे, तातडीने पाहणी व्हावी.' पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा आणि प्रत मागून घ्या.

कृषी विभाग दुकानदारावर आणि कंपनीवर कारवाई करू शकतो. भरपाईसाठी साधारणपणे जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली स्पष्ट केलं आहे. मुदत 2 वर्षांची. माल किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी लागत नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा. ती मराठीतूनही करता येते.

तिसरी पायरी: सेवा देणारा आणि त्याच्यावरचा, यांत गल्लत करू नका

वीज म्हटलं की आपण महावितरणच्या कार्यालयात भांडून घरी येतो. महावितरण ही कंपनी आहे. दर ठरवतो आणि कंपनीला नियम घालून देतो तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. बिल चुकीचं असेल, डीपी जळून आठवडे गेले असतील, पैसे भरूनही कृषिपंपाची जोडणी मिळत नसेल, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षात लेखी द्या. तिथे निकाल लागला नाही की ग्राहक तक्रार निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत मंचात जावं लागतं. मंचाचा आदेश पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, लोकपालाचं एक कार्यालय नागपूरला आहे.

धुऱ्यावर तार तुटून बैल दगावला किंवा माणसाला शॉक बसला तर वाट वेगळी. अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षक करतो. तो महावितरणचा माणूस नाही, राज्य शासनाचा आहे. लाइनमनला फोन केलात, पोलीस पंचनामा झाला, जनावर असेल तर पशुवैद्यकाने शवविच्छेदन केलं, तरी निरीक्षकाला लेखी कळवलं नाही तर चूक कोणाची हे ठरवणारा अहवाल अडून बसतो. भरपाई बहुतेक त्या अहवालावर अवलंबून असते. कंपनी स्वतः कळवेल यावर विसंबून राहू नका.

चौथी पायरी: पैशाच्या बाबतीत पाटी नीट बघा

गावात पैसे घेणारे-देणारे सगळे सारखेच दिसतात. बचतीची डायरी घेऊन रोज दारात येणारा पोरगा आपल्याच गावातला असतो. पण त्याच्या मागे कोण उभं आहे, त्यानुसार देखरेख पार बदलते.

नावात 'बँक' असेल, मग ती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक का असेना, बँकेच्या कामकाजावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. 'सहकारी पतसंस्था मर्यादित' असेल तर ती 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येते. सहकार खात्याचा तालुक्यातला सहायक निबंधक आणि त्याच्या वर जिल्हा उपनिबंधक तिच्यावर लक्ष ठेवतात. बँकेचा तो 5 लाखांचा विमा इथे नाही.

खरी अडचण 'मल्टिस्टेट'ची. पाटी पतसंस्थेसारखीच, कामही तेच, पण नोंदणी 2002 च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली दिल्लीत केंद्रीय निबंधकाकडे झालेली. तालुक्याच्या सहायक निबंधकाला तिच्यावर कारवाईचा तसा अधिकार नसतो. लोक महिनोन्‌महिने त्याच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतात. ओळखायची खूण सोपी आहे: नोंदणी क्रमांक 'एमएससीएस'ने सुरू होतो का ते पासबुकावर किंवा पावतीवर बघा. अशा संस्थेविरुद्ध तक्रार केंद्रीय निबंधकाकडे करायची. 2023 च्या दुरुस्तीने ठेवीदारांसाठी सहकारी लोकपालाचीही तरतूद झाली आहे. 'निधी लिमिटेड' लिहिलेलं असेल तर ती कंपनी, आणि तिचं केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालय बघतं. ठेवी परत देणंच कोणी थांबवलं असेल तर महाराष्ट्राचा 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागतो. त्यासाठी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जावं. कोणाचीच नोंदणी सापडत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार करता येते.

बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतात. वसुलीवाल्याला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर दारात येता येत नाही, धमकी किंवा शिवीगाळ करता येत नाही, हे 2022 च्या नियमांत लिहिलेलं आहे. कर्जकार्ड तुम्हाला समजेल अशा भाषेत दिलं पाहिजे. आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

सावकारासाठी 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे आणि त्याचाही दरवाजा तालुक्याच्या सहायक निबंधकाचाच. परवानाधारक सावकारांची यादी त्याच्याकडे असते. परवान्याशिवाय सावकारी केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जमीन व्याजात लिहून घेतली असेल तर याच कायद्याचं कलम 18 वाचा. अवैध सावकारीपोटी मागच्या 15 वर्षांत गेलेली जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक, म्हणजे जिल्हा उपनिबंधक, देऊ शकतो. या कलमाची माहिती आपल्याकडे फारच थोड्यांना आहे.

स्वतः धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

हीच पद्धत उलटी वापरली की आपल्याला कोणते कागद लागतील ते कळतं. समजा भिवापूरकडचा एखादा महिला बचत गट मिरची कांडून पाकिटं विकायची म्हणतो. मग प्रश्न एकेक करून विचारायचे. खायची वस्तू आहे का? तर एफएसएसएआय नोंदणी, अन्न व औषध प्रशासनाकडे. आधीच वजन करून पाकीट बंद केलं का? तर 2011 चे आवेष्टित वस्तू नियम आणि वजनमाप्यांकडे पॅकर म्हणून नोंदणी. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क हवाच. कांडप यंत्राला वीज लागते का? घरगुती मीटरवर चालवू नका, जोडणीचा वर्ग बदलून घ्या. शेजाऱ्यांना तिखटाचा आणि आवाजाचा त्रास होईल का? मग ग्रामपंचायतीशी आधीच बोलून ठेवा. सल्ला फुकट हवा असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात आणि उमेद अभियानाच्या तालुका कक्षात जा. एजंटाला पैसे द्यायचे ते नंतर.

वीटभट्टीचं थोडक्यात: माती आणि रॉयल्टी तहसीलदार व जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे, धूर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे (प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती, चंद्रपूर), मजुरांची मजुरी सहायक कामगार आयुक्तांकडे. रेतीही महसूलचीच. काळी-पिवळी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली आरटीओकडे. रेशन दुकान तहसीलच्या पुरवठा निरीक्षकाकडे. दारू राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. वर्धा आणि गडचिरोली हे दोन जिल्हे दारूबंदीचे असल्याने तिथे अवैध विक्रीची तक्रार या विभागाकडे आणि पोलिसांकडे, दोन्हीकडे एकदम द्यावी.

जंगलाजवळच्या गावांत मात्र एक महत्त्वाची गोष्ट आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावात तेंदू, बांबू, मोहासारख्या गौण वनोपजावर मालकी ग्रामसभेची असते आणि वाहतूक पासही ग्रामसभेची समितीच देते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे बांबूच्या बाबतीत करून दाखवलं. तिथे वनखात्याकडे परवानगी मागत बसायचं कारण नाही.

तरीही सापडत नसेल तर

आधी कायदाच उघडा. 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे कायदे मोफत आहेत. कलम 2 मधल्या व्याख्या वाचा आणि निरीक्षक, परवाना प्राधिकारी, सक्षम प्राधिकारी, अपील हे शब्द शोधा. कायदा केंद्राचा आहे म्हणून घाबरू नका. बियाणे कायदा दिल्लीचा असला तरी निरीक्षक तुमच्या तालुक्यातच बसतो, कारण तो नेमण्याचं काम राज्याकडे असतं.

मग माहिती अधिकार. प्रत्येक कार्यालयाने 2005 च्या कायद्याच्या कलम 4 प्रमाणे स्वतःहून 17 बाबी जाहीर करायच्या असतात. त्यात अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं येतात, आणि परवाने कोणाकोणाला दिले ते तपशीलही येतात. 'मला 17 बाबींची फाइल बघायची आहे' एवढंच म्हणा.

याहून मोलाचं आहे कलम 6(3). अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर तो 5 दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवणं आणि तुम्हाला तसं कळवणं त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणजे 'आमच्याकडे येत नाही' एवढं तोंडी बोलून तो सुटू शकत नाही. कोणाकडे येतं ते त्याला लेखी सांगावं लागतं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तोही नको. आणि असं विचारा:

'मौजा ____, ता. ____ येथे ____ हा व्यवसाय सुरू आहे. (1) या व्यवसायास कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये परवाना किंवा नोंदणी लागते? (2) तो देणाऱ्या व तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम व कार्यालयाचा पत्ता. (3) सदर व्यवसायास दिलेल्या परवान्याची प्रत. (4) मागील तीन वर्षांतील तपासणी अहवालांच्या प्रती. सदर माहिती आपल्या कार्यालयाशी संबंधित नसल्यास अर्ज कलम 6(3) नुसार हस्तांतरित करावा.'

आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही. पोस्टाने पाठवायचा तर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. तिथेही टोलवाटोलवी झाली तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळसाठी आयोगाचं खंडपीठ अमरावतीला आहे. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी ते नागपूरला आहे.